हेगच्या दारात माणूस

'सरंजाम' हा शब्द मराठी माणसाला पेशवे दप्तरात भेटतो, शाळेतल्या इतिहासात भेटतो, फार तर एखाद्या जुन्या घराण्याच्या वाटणीच्या कज्जात. नेदरलँड्समधल्या हेग शहरी, आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निकालपत्रातही हा शब्द आहे. पहिल्यांदा तो तिथं दिसला तेव्हा मी तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला.

निकाल १२ एप्रिल १९६० चा. पोर्तुगाल विरुद्ध भारत. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मोकळी झाली. त्या लढ्यात राजा वाकणकर होते, सुधीर फडके होते, गोव्याची आणि महाराष्ट्राची कितीतरी तरुण पोरं होती. भारत सरकारनं दमणहून तिकडे जाणारी वाट बंद केली, म्हणून पोर्तुगालनं १९५५ च्या डिसेंबरात हेगला दावा लावला. त्यांचं म्हणणं असं, की १७७९ च्या पुण्याच्या तहानं आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी मराठ्यांनी हा मुलूख आम्हाला कायमचा तोडून दिला. न्यायाधीशांनी तहाच्या वेगवेगळ्या प्रती आणि भाषांतरं पुढ्यात घेतली, सनदा वाचल्या आणि लिहिलं: मराठ्यांनी दिला तो सालीना बारा हजार रुपयांचा सरंजाम. वसुलाचा असा हक्क हिंदुस्थानात सर्रास दिला जाई, आणि त्यामुळे मुलखाची मालकीच हातची गेली असं एकही उदाहरण आमच्यापुढे आलेलं नाही. पुढे इंग्रजांनी पोर्तुगिजांची सत्ता मुकाट्यानं मान्य केली, म्हणून ती तिथं रुजली, असंही न्यायालयानं म्हटलं. शेवटी पोर्तुगालचा जाण्यायेण्याचा हक्क मान्य झाला तो साध्या माणसांपुरता, मुलकी अधिकाऱ्यांपुरता आणि मालापुरता. फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा हक्क आठ विरुद्ध सात मतांनी नाकारला गेला. भारतानं कोणतंही बंधन मोडलेलं नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरलं. भारतातर्फे त्या पीठावर तात्पुरते न्यायाधीश म्हणून बसले होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले एम. सी. छागला.

पुण्याच्या कुणा कारकुनानं बोरूनं उमटवलेला शब्द पावणेदोनशे वर्षांनी उत्तर समुद्राकाठी उपयोगी पडला. हे पुस्तक त्या शहराबद्दल आहे, आणि ते मराठीत का लिहावंसं वाटलं याचं निम्मं उत्तर या एका शब्दात आहे. उरलेलं निम्मं उत्तर जरा लांबचं आहे.

नेदरलँड्सची राजधानी ॲमस्टरडॅम. राजा, संसद, मंत्रालयं आणि परदेशी वकिलाती मात्र हेगमध्ये. शहर मोठं नाही. डेल्फ्टहून निघणारी एक नंबरची ट्राम हेगच्या मध्यातून, शांतिप्रासादाच्या फाटकासमोरून शेवेनिंगेनच्या पुळणीवर जाऊन थांबते. तिच्या एका टोकाला ह्यूगो ग्रोशियस जन्मला आणि तिथंच पुरला गेला. समुद्र कुणा एका राजाचा नाही, असं त्यानं १६०९ मध्ये लिहिलं ते हिंदी महासागरावर हक्क सांगणाऱ्या पोर्तुगिजांविरुद्ध. तीस वर्षांच्या आत डच व्यापाऱ्यांची वखार आपल्या वेंगुर्ल्यात उभी राहिली. तिचे पडके दगड अजून तिथं आहेत. आंतरराष्ट्रीय कायदा हा लांबच्या लोकांचा विषय आहे, असं वाटतं तेव्हा मला ते दगड आठवतात.

हेगचं आजचं रूप १८९९ मध्ये सुरू झालं. रशियाचा झार दुसरा निकोलस यानं शस्त्रास्त्रांची शर्यत थांबवण्यासाठी परिषद बोलावली. ती कुठल्याही बड्या सत्तेच्या राजधानीत नको होती, म्हणून छोट्या, तटस्थ देशातलं हे शहर निवडलं गेलं. १८ मे रोजी २६ देशांचे प्रतिनिधी राजघराण्याच्या वाड्यात जमले. शर्यत थांबली नाही. मात्र युद्धाचे काही नियम लिहून काढले गेले, आणि देशांनी आपली भांडणं पंचांपुढे न्यावीत यासाठी कायमचं लवाद न्यायालय स्थापन झालं. त्यासाठी अँड्र्यू कार्नेगीनं पंधरा लाख डॉलर दिले. त्यातून उभा राहिलेला शांतिप्रासाद ऑगस्ट १९१३ मध्ये उघडला. पुढच्या ऑगस्टात पहिलं महायुद्ध पेटलं.

त्या पहिल्या परिषदेतला एक प्रसंग या पुस्तकाला दिशा देणारा ठरला. अंगात शिरल्यावर फुलून मांस फाडत जाणाऱ्या गोळीवर बंदी घालायची की नाही, हा प्रश्न चर्चेला आला. ही गोळी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बनलेली, म्हणून तिचं नाव 'डमडम'. इंग्लंडच्या लष्करी प्रतिनिधीनं तिची बाजू घेतली. सुधारलेल्या देशाचा शिपाई साधी गोळी लागली की थांबतो, रानटी माणूस जखमी होऊनही अंगावर धावून येतो, त्याच्यासाठी ही गोळी हवी, असा त्याचा युक्तिवाद होता. बंदी मंजूर झाली, इंग्लंडनं मात्र ती १९०७ पर्यंत मानली नाही. आणि बंदीच्या मसुद्यातच एक अट होती: करार करणाऱ्या देशांच्या आपसांतल्या युद्धापुरतीच ती लागू. वायव्य सरहद्दीवरचा पठाण या करारात कुठं बसत होता? माणुसकीचे नियम लिहायला जमलेल्या त्या दालनात कोणाला माणूस धरायचं हेच अजून ठरलेलं नव्हतं.

१९०७ च्या दुसऱ्या परिषदेला ४४ देश आले. कोरियाच्या सम्राटानंही तीन वकील पाठवले. आमच्यावर जपाननं जबरदस्तीनं करार लादला आहे, आमचं ऐका, एवढंच त्यांना सांगायचं होतं. त्यांना आत घेतलं गेलं नाही. कोरियाचे परराष्ट्र व्यवहार आता जपानकडे आहेत, तेव्हा कोरियाला इथं आवाज नाही, हे उत्तर मिळालं. त्यांतले यी जुन १४ जुलै रोजी हेगच्या वाखेनस्ट्राट या रस्त्यावरच्या हॉटेलात वारले. त्या इमारतीत आज त्यांचं स्मारक-संग्रहालय आहे. शांतिप्रासादातल्या भेटवस्तू प्रवासी हौसेनं पाहतात: रशियाचा प्रचंड कलश, जपानचे रेशमी पडदे. हेगला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसानं आधी वाखेनस्ट्राटवरचं ते अरुंद घर पाहावं, असं मला मनापासून वाटतं. या शहराला दार आहे आणि ते सगळ्यांना उघडत नाही, हे त्या घरात कळतं.

तीन वर्षांनी आपला माणूस त्या दारापर्यंत आला. तोही स्वतः नाही, कागदावर.

८ जुलै १९१० च्या सकाळी मार्सेलिसच्या बंदरात 'मोरिया' बोटीवरून विनायक दामोदर सावरकरांनी मारलेली उडी मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. पाणी, धक्का, धावाधाव, फ्रेंच शिपायानं पकडून पुन्हा बोटीवर नेणं, हे सारं लहानपणापासून ऐकलेलं. त्यानंतर काय झालं ते मात्र आपण भरभर उलटून टाकतो. फ्रेंच भूमीवर पाय ठेवलेल्या राजकीय कैद्याला विदेशी पोलिसांच्या हवाली केलंच कसं, असा गहजब फ्रान्समध्ये झाला. समाजवादी वर्तमानपत्रांनी, त्यांत कार्ल मार्क्सचा नातू जाँ लोंगे यानं, प्रश्न लावून धरला. अखेर २५ ऑक्टोबर १९१० रोजी फ्रेंच आणि ब्रिटिश सरकारांनी हा वाद हेगच्या लवादाकडे सोपवला. पाच पंच बसले. अध्यक्ष बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट, शिवाय एक फ्रेंच, एक इंग्रज, एक डच, एक नॉर्वेजियन. सुनावणी फेब्रुवारीत चार दिवस चालली. तोवर मुंबईच्या खास न्यायालयानं सावरकरांना एकामागून एक दोन जन्मठेपा ठोठावून झाल्या होत्या.

पंचांपुढे ठेवलेला प्रश्न एका वाक्याचा होता: विनायक दामोदर सावरकर यांना ब्रिटिश सरकारनं फ्रेंच सरकारकडे परत करावं की करू नये? शाळेतल्या वाक्यपृथक्करणाची सवय असलेल्यानं हे वाक्य तपासून पाहावं. कर्ता ब्रिटिश सरकार. ज्याला परत करायचं ते फ्रेंच सरकार. सावरकर कर्म. एखादा जिन्नस चुकून दुसऱ्याच्या गाठोड्यात गेला, तो परत द्यायचा का, एवढीच चौकशी. त्यांना आश्रय मागण्याचा हक्क होता का, त्यांचं स्वतःचं म्हणणं काय, हे कोणी विचारलं नाही, कारण विचारायची सोयच त्या कायद्यात नव्हती. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा झाला. पकडताना आणि हवाली करताना अनियमितता घडली, हे पंचांनी मान्य केलं. पण फ्रेंच पोलिसांना बोटीवरच्या कैद्याची आगाऊ खबर होती, शिपायानं सद्भावनेनं मदत केली, फसवणूक वा जबरदस्ती झाली नाही. अशा परिस्थितीत कैदी परत द्यावा असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा कोणताही नियम नाही, असं त्यांनी ठरवलं. जुलैत सावरकर अंदमानात पोचले.

या निवाड्यावर मराठीत संताप पुष्कळ व्यक्त झाला, अभ्यास थोडा झाला. संताप रास्तच आहे. पण मला त्या वाक्यातल्या कर्मानं जास्त अस्वस्थ केलं. हेगचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे त्या वाक्याची रचना बदलण्याची धडपड आहे. कर्माच्या जागी बसवलेला माणूस कर्त्याच्या जागी कसा, किती हळू आणि कोणाच्या हिमतीनं सरकला, हे सांगणं हाच या पुस्तकाचा हेतू.

ही हिमत नेहमी दालनाच्या बाहेरून आली. एप्रिल १९१५ मध्ये, युरोप खंदकांत रुतलेला असताना, अकराशेहून अधिक स्त्रिया युद्ध थांबवा म्हणायला हेगमध्ये जमल्या. बोलावणारी होती नेदरलँड्सची डॉक्टर आलेत्ता याकोप्स, अध्यक्षस्थानी अमेरिकेच्या जेन ॲडम्स. त्यांतल्या बहुतेकींना आपापल्या देशांत मताचाही अधिकार नव्हता. त्यांच्या ठरावांवर वेगळं प्रकरण आहे, म्हणून इथं थांबतो.

मग १९९३. युगोस्लाव्हियातल्या कत्तलींसाठी संयुक्त राष्ट्रांनी हेगमध्ये न्यायाधिकरण नेमलं. त्यानं एकंदर १६१ जणांवर आरोप ठेवले आणि २०१७ च्या अखेरीस काम संपवलं. ज्यांच्यापुढे फौजा सलाम ठोकत होत्या ते सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष काचेच्या भिंतीपलीकडे, कानाला हेडफोन लावून बसलेले जगानं पाहिले. माझ्या लेखी त्या न्यायाधिकरणातला सगळ्यात मोठा दिवस त्यांचा नाही. तो २२ फेब्रुवारी २००१ चा. बोस्नियातल्या फोचा गावच्या मुलींना आणि बायकांना महिनोन् महिने घरांत कोंडून, विकून, वापरून घेणाऱ्या तीन सैनिकांचा निकाल झांबियाच्या न्यायाधीश फ्लॉरेन्स मुंबा यांनी त्या दिवशी वाचला. सामूहिक बलात्कार युद्धात 'होतातच' असं म्हणून इतिहासकार ज्यावरून पुढे सरकत, त्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून शिक्षा देणारा त्या न्यायाधिकरणाचा हा पहिला निकाल. साक्षीदार स्त्रियांची नावं निकालात नाहीत, क्रमांक आहेत. आपल्या गावात ज्यांच्यापुढे मान वर करता येत नव्हती त्याच माणसांसमोर त्या या परक्या शहरात येऊन बसल्या आणि घडलं ते तपशिलानं बोलल्या. वाक्याचा कर्ता बदलला तो तिथं.

या न्यायाधिकरणाचे कैदी ठेवले जात ते शेवेनिंगेनच्या तुरुंगाच्या आवारात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी याच तुरुंगात पंचवीस हजारांहून अधिक माणसं डांबली. डच लोक त्याला 'ऑरान्येहॉटेल' म्हणू लागले, कारण आत होते ते देशासाठी लढणारे. कित्येकांना जवळच्या वाळूच्या टेकड्यांत नेऊन गोळ्या घातल्या गेल्या.

आणि तरीही, त्या छळातून सुटून तीन वर्षं झाली नाहीत तोच, ९ डिसेंबर १९४७ रोजी डच सैन्यानं जावा बेटावरच्या रावागेडे गावातले पुरुष ओळीत उभे करून मारले. इंडोनेशिया त्यांना सोडायचा नव्हता. त्या गावच्या विधवा साठ वर्षांनी न्याय मागायला आल्या त्या हेगलाच, पण शांतिप्रासादात नव्हे, हेगच्या साध्या जिल्हा न्यायालयात. मुदत टळली, असं डच सरकारचं म्हणणं. १४ सप्टेंबर २०११ रोजी न्यायालयानं ते फेटाळलं: इतक्या गंभीर अन्यायात बायका हयात असताना सरकारनं मुदतीच्या आडोशाला जाणं न्याय्य नाही. डिसेंबरात डच राजदूतानं त्या गावात जाऊन माफी मागितली. जगाला न्याय शिकवणाऱ्या शहरानं स्वतःच्या सरकारला असं उभं केलं, म्हणून हे प्रकरण मी पुस्तकाच्या ऐन मध्यावर ठेवलं आहे. हेगबद्दल मला जो आदर वाटतो त्याचा मोठा वाटा या छोट्या न्यायालयाचा आहे.

हेगकडे शिपाई नाही, हे वाचकानं कुठंही विसरू नये. आंतरराष्ट्रीय न्यायालयात देश येतात ते आपल्या संमतीनं. १९८६ मध्ये निकाराग्वाच्या खटल्यात निकाल अमेरिकेविरुद्ध गेला, अमेरिकेनं तो मानला नाही. २००२ पासून काम करणारं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय व्यक्तींवर खटले चालवतं. त्याच्या न्यायाधीशांवरच अमेरिकेनं २०२५ मध्ये निर्बंध घातले. भारत या न्यायालयाचा सदस्य नाही. चीन, रशिया, अमेरिकाही नाहीत. आपलंही वागणं सरळ रेषेत नाही. १९९९ मध्ये भारतानं पाडलेल्या विमानाबद्दल पाकिस्तान हेगला गेला, तेव्हा या न्यायालयाला अधिकारच नाही असं आपण म्हटलं, आणि ते मान्यही झालं. अठरा वर्षांनी आपणच धावत तिथं गेलो. हा इतिहास झाकून हेगवर लिहिणं मला अप्रामाणिक वाटलं.

गेलो ते कुलभूषण जाधवांसाठी. एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानं त्यांना फाशी सुनावली. वर्षभर भारतीय वकिलातीला त्यांना भेटू दिलेलं नव्हतं. ८ मे रोजी भारतानं अर्ज केला, १८ मे रोजी फाशीला स्थगिती मिळाली. भारताची बाजू नागपूरच्या हरीश साळव्यांनी मांडली, एक रुपया मानधनावर.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला जाधवांची आई आणि पत्नी इस्लामाबादला त्यांना भेटल्या. मध्ये काच, बोलणं यंत्रातून. भेटीआधी दोघींना मंगळसूत्र, बांगड्या, कुंकू उतरवायला लावलं. आई मुलाशी मराठीत बोलू लागली तेव्हा तिला पुन्हा पुन्हा अडवलं गेलं, असं भारताच्या परराष्ट्र मंत्रालयानं दुसऱ्या दिवशीच्या निवेदनात सांगितलं. फाशीच्या सावलीत बसलेल्या मुलाला आई कोणत्या भाषेत विचारणार, कसा आहेस?

१७ जुलै २०१९ रोजी शांतिप्रासादात निकाल वाचला गेला. पंधरा विरुद्ध एक. सुटकेची भारताची मागणी न्यायालयानं मान्य केली नाही, हेही सांगायला हवं. मात्र पाकिस्ताननं व्हिएन्ना कराराचं कलम ३६ मोडलं, त्यानं जाधवांना त्यांचे हक्क सांगावेत, वकिलातीला भेटू द्यावं, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा आणि तोवर फाशी देऊ नये, असा आदेश झाला. अटक झालेल्या परक्या नागरिकाचा हा हक्क केवळ त्याच्या देशाचा नसून त्याचा स्वतःचाही आहे, हे याच न्यायालयानं २००१ मध्ये दोन जर्मन भावांच्या खटल्यात ठरवलं होतं. ते भाऊ तोवर अमेरिकेत फासावर नव्हे तरी विषाच्या सुईनं आणि वायूनं मारले गेले होते. त्यांच्या उपयोगी न पडलेला नियम एका मराठी माणसाच्या उपयोगी पडला. जाधव त्या दालनात नव्हते, सावरकरही नव्हते. पण २०१९ च्या आदेशात जाधवांना परत करण्याची गोष्ट नाही. त्यांना त्यांचे हक्क सांगण्याची आहे.

पुस्तक त्या निकालाशी संपत नाही, कारण प्रकरण संपलेलं नाही. पाकिस्ताननं फेरविचारासाठी कायदा केला; मी हे लिहितो आहे तेव्हाही जाधव तिथल्या कोठडीतच आहेत. निकालानंतर दीड महिन्यानं, २ सप्टेंबर २०१९ रोजी, भारतीय वकिलातीचा अधिकारी त्यांना पहिल्यांदा भेटला. ते प्रचंड दडपणाखाली दिसले, असं भारतानं नंतर कळवलं. पाकिस्तानच्या परराष्ट्र खात्यानंही त्या भेटीचं निवेदन काढलं. त्यात एक बारीकशी नोंद आहे: भारताच्या विनंतीवरून, कोणत्या भाषेत बोलायचं यावर या वेळी बंधन नव्हतं.